बोयारच्या घंटेतलं गवत

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. समजा, तुम्ही उंच डोंगरावर गवतात उताणे पडला आहात. पाठीखालची जमीन गार आहे, नाकावर ऊन आहे, आणि कुठूनतरी घंटा ऐकू येताहेत. एक जाड, घुमणारी. मग दोन-तीन मधल्या. आणि मग बारक्या, डबक्यात खडे टाकावेत तशा. आता डोळे न उघडता सांगा, मेंढ्या कुठे आहेत? चढावर की उतारावर? चरताहेत की बसल्या आहेत?

नाही सांगता येत? असू दे. आपल्या गावातल्या नेवेनाला यायचं. ती तेव्हा चौथीत होती. शाळेच्या खिडकीशी बसून ती सांगायची, "आजोबांचा कळप तळ्यापाशी पोचला," आणि बाई फळ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आणि आमचा भागाकार कुठे पोचला?"

तिचे आजोबा त्रेंदाफिल पिरिन डोंगराच्या वरच्या कुरणावर मेंढ्या राखायचे. हिवाळाभर ते चुलीपाशी बसून घंटा ठोकत. छोट्या हातोडीनं एक टोला, मग कान लावून ऐकणं, मग आणखी एक टोला. सगळ्या घंटांचा मिळून एक सूर लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. सगळ्यांत मोठी घंटा बोयारची. बोयार हा कळपाचा म्होरक्या मेंढा. तो जाईल तिकडे कळप जाणार. त्या वर्षी मे महिन्यात, संत गेओर्गीच्या सणाला मेंढ्या वर निघाल्या तेव्हा आजोबांनी ती घंटा पहिल्यांदा नेवेनाच्या हातात दिली आणि म्हणाले, "यंदा तू बांध. पण लक्षात ठेव, डोंगरावर डोळे उपयोगाचे नसतात तेव्हा ही उपयोगाची असते."

त्या घंटांची आणखी एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. मेंढपाळाच्या घरात कुणी गेलं की कळपाच्या घंटांत गवत कोंबतात. चाळीस दिवस कळप मुका चालतो आणि कुणी न सांगता साऱ्या डोंगराला कळतं. नेवेनाची आजी गेली तेव्हा आजोबांना गवताचे बोळे नेवेनानंच वळून दिले होते.

तर ऑगस्ट महिन्यात एके संध्याकाळी शेवटच्या बसनं सेव्दामावशी गावात उतरली. तिनं जन्मभर सोफिया शहरात ट्राम चालवली होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. नेवेनाची आई माडीवरची खोली पाहुण्यांना देते, तिथे ती राहिली. जेवताना आईनं विचारलं, "डोंगर बघायला आलात?"

"डोंगर वाटेत लागला म्हणून बघणार," सेव्दामावशी म्हणाली. "मी रानबकरी बघायला आले आहे. माझ्या ट्रामच्या वाटेवर एक संग्रहालय होतं. त्याच्या खिडकीत पेंढा भरलेली रानबकरी उभी. रोज मी तिच्याकडे बघायची, ती माझ्याकडे. पण डोळे काचेचे गं! एकदा खऱ्या डोळ्यांची बघायची आहे. आणि बघायची ती उद्याच. परवा परत जायचं, आणि पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मग जिने चढा, बाजारात हिंडा, पण डोंगर विसरा."

"मी दाखवते," नेवेना म्हणाली.

आईनं डोळे वटारले. "रानबकरी काय तुझ्या दप्तरात आहे?"

"दाखवते म्हणजे दाखवते. आजोबांच्या मिठाच्या दगडांपाशी त्या येतात. मी पाहिल्यात."

सेव्दामावशीनं चमचा खाली ठेवला आणि गंभीरपणे हात पुढे केला. नेवेनानं तो हातात घेऊन हलवला. वचन झालं.

सकाळी दोघी निघाल्या. पाइनच्या रानातून वाट चढत होती आणि सेव्दामावशीचे गुडघे करकरत होते. दर थोड्या वेळानं ती थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "थांबा! प्रवाशांनी कृपया उतरून घ्यावं!" मग दोघी एखाद्या दगडावर टेकायच्या. रान संपलं तिथे तळं लागलं. पाणी इतकं स्वच्छ, की तळाचे पांढरे संगमरवरी गोटे हातभर खाली असावेत असं वाटे. सेव्दामावशीनं त्यात पाय घातला आणि अशी किंचाळली, की पलीकडच्या काठावरचा पक्षी उडाला.

"सांगायचं नाही होय, हे बर्फ आहे ते!"

"बर्फ नाही मावशी. बर्फ वर आहे. हे फक्त त्याचं पाणी."

तळ्याच्या वर खडकाच्या फटीत पांढऱ्या लोकरीच्या फुलांचा झुबका होता. मावशीनं हात पुढे केला, तशी नेवेनानं तो हळूच धरला. "त्याला फक्त बघायचं. आजोबा म्हणतात, जो तोडतो त्याच्या घरचं दूध नासतं."

"खरंच नासतं?"

"कुणास ठाऊक. आमच्यात कुणी तोडलंच नाही."

डोक्यावर एक सोनेरी गरुड पंख न हलवता फिरत होता. मावशी मान वर करून इतका वेळ उभी राहिली, की नेवेनाला तिला कोपरानं ढोसावं लागलं. "मावशी, ट्राम सुटेल."

वरच्या कुरणावर त्या पोचल्या तेव्हा मेंढ्या दुपारच्या विसाव्याला एकमेकींना चिकटून बसत होत्या. त्रेंदाफिल आजोबांनी टोपी काढून पाहुणीला नमस्कार केला. तेवढ्यात घळीच्या पलीकडून एक खणखणीत आवाज आला.

"अरे त्रेंदाफिल! आज भांडी घासतोयस की घंटा वाजतायत?"

"हा कुझमान," आजोबा म्हणाले. "पलीकडचा कळप याचा. लहानपणापासून माझ्या घंटांना नावं ठेवतोय." मग ओठांशी हात धरून ते ओरडले, "कुझमान! तुझ्या मेंढ्यांच्या गळ्यात घंटा बांध रे आता! का गळक्या बादल्याच ठेवणारेस?"

"तुझ्या घंटेनं माझं दूध फाटलं!"

"तुझं तोंड बघून फाटलं असेल!"

दोन्हीकडून समाधानानं खाकरल्याचे आवाज आले आणि बोलणं संपलं. रोज असंच चाले.

आजोबांना चीज लावायला खाली झोपडीत जायचं होतं. दूध चुलीवर होतं. मुर्जो कुत्रा आधीच झोपडीच्या दारात जाऊन बसला होता, कारण चीज गाळून उरलेलं पाणी त्याचं असे. जाताना आजोबा म्हणाले, "नेवेना, कळपावर कान ठेव. बोयार उठला तर मला हाक मार. पांढऱ्या कड्याकडे जाऊ देऊ नकोस."

"हो आजोबा."

दोघी मिठाच्या दगडांच्या वरच्या अंगाला एका मोठ्या खडकाआड बसल्या. हे दगड पसरट आणि ताटांसारखे होते. आजोबा त्यांवर मेंढ्यांसाठी मीठ टाकत, आणि मेंढ्या गेल्या की उरलंसुरलं चाटायला रानबकऱ्या कड्यावरून उतरत. नेवेनानं फडकं सोडलं. आईनं भाजलेली चीजची पापुद्रेदार बानित्सा, टोमॅटो, आणि कागदाच्या पुडीत रंगीत मीठ. लाल मिरची, मेथी आणि रानातला वाळका पाला घालून कुटलेलं. मावशीनं टोमॅटोवर ते चांगलं चिमूटभर घातलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

बराच वेळ गेला. कडा रिकामा होता. बोयारनं माशी हाकलायला मान हलवली की घंटा घुमायची. एखादी मेंढी कूस बदलायची आणि तिची घंटा किणकिणायची.

"पोरी," मावशी हळूच म्हणाली, "माझ्या ट्रामची घंटा वाजली की चौकातली सगळी कबुतरं उडायची. इथे तर अख्खा वाद्यवृंद बसलाय. कोण येणार गं?"

ती सहज बोलली होती. पण नेवेनाच्या मनात ते रुतून बसलं. तिनं कड्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. ऊन कलू लागलं होतं. परत उतरायला मावशीला वेळ लागणार, म्हणजे लवकरच निघावं लागणार. आणि तिनं हातात हात देऊन सांगितलं होतं, दाखवते म्हणजे दाखवते.

"आलेच मी," ती म्हणाली.

ती वाकून मेंढ्यांमध्ये शिरली. मेंढ्या तिला ओळखत होत्या, एकही उठली नाही. तिनं गवत उपटलं, तळहातावर वळलं, बोळा केला आणि बोयारच्या घंटेत लोलकाभोवती घट्ट कोंबला. बोयारनं तिच्या बाहीचा वास घेतला. मग दुसरी घंटा, मग तिसरी. तिचे हात भराभर चालत होते. हे काम तिचे हात कुठे शिकले होते याचा तिला त्या घटकेला विसर पडला होता. तिच्या डोक्यात फक्त रानबकरी होती.

ती परत आली तेव्हा मावशी चकित झाली होती. "अगं, किती शांत झालं एकदम!"

"आता येतील," नेवेना म्हणाली.

दोघी श्वास रोखून बसल्या. गवतातला किडा थांबला. वारासुद्धा पडला. आणि कड्यावर काहीही हललं नाही. नेवेनाला वाटलं होतं, शांतता ही दार उघडल्यासारखी असेल. पण ही तर दार लावून घेतल्यासारखी वाटत होती. तिला एकदम थंडी वाजली.

थंडी खरीच होती. तिनं मागे पाहिलं तर घळीतून धुकं वर चढत होतं. आमच्या डोंगरावर ते कसं येतं हे तुम्ही पाहिलं आहे. आधी तळं गेलं, मग पाइन, मग मेंढ्या. पाहता पाहता तिला पुढे धरलेला स्वतःचा हात तेवढा दिसत होता.

आणि धुक्यात मेंढ्या उठल्या. तिला ते दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. फक्त लोकरीचा ओला वास जवळून निघून गेला.

"आजोबा!" तिनं हाक मारली. धुक्यानं ती गिळली.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"मी घंटा बंद केल्या. रानबकऱ्या याव्यात म्हणून. आता मेंढ्या उठल्यात आणि बोयार कुठे चाललाय ते मला कळत नाही. त्या बाजूला कडा आहे." तिचा आवाज चिरका झाला होता.

सेव्दामावशी रागावली नाही, की घाबरलीही नाही. धुक्यात गाडी कशी चालवायची हे तिला ठाऊक होतं: सावकाश, आणि घंटा वाजवत. ती म्हणाली, "तू मेंढा शोध. पण परत यायला तुला खूण हवी. मी इथून हलणार नाही आणि गप्पही बसणार नाही. माझा आवाज पाठीशी ठेव. तो ऐकू यायचा बंद झाला तर पुढे पाऊल टाकायचं नाही. कबूल?"

"कबूल."

आणि मावशीनं आपल्या जन्मभराच्या खणखणीत आवाजात सुरू केलं. "पुढचा थांबा, भाजीबाजार! उतरणाऱ्यांनी दाराशी यावं! पुढचा थांबा, जुना पूल! अहो छत्रीवाले काका, ती जरा आवरा! पुढचा थांबा, सूतिकागृह!"

नेवेना गुडघ्यांवर बसली. गवतावर खूर वाजत नाहीत, पण पुढे पांढरे गोटे आहेत हे तिला माहीत होतं. तिनं कान टवकारले. मागून, "पुढचा थांबा, शाळा!" आणि पुढून, अगदी बारीक, टक. मग टक टक. गोट्यावर खूर. म्हणजे बोयार गोट्यांवर पोचला होता, आणि गोट्यांपलीकडे कडाच होता. ती उठून हलक्या पावलांनी त्या दिशेला सरकली.

धावावं तर कळप बिथरेल, आणि बिथरलेला कळप कुठे जाईल सांगता येत नाही. तिनं खिशात हात घातला. जेवताना खिशात टाकलेली रंगीत मिठाची पुडी होती. तिनं सगळं मीठ तळहातावर ओतलं, हात पुढे धरला आणि आजोबा मेंढ्यांना मिठाला बोलावताना घालत तशी हलकी, लांब साद घातली. "ये बोयार, ये, ये, ये..."

टक. मग काहीच नाही. "पुढचा थांबा, दवाखाना!" मावशीचा आवाज आता सुतासारखा बारीक झाला होता. नेवेनानं आणखी एकही पाऊल टाकलं नाही. ती नुसती साद घालत राहिली.

मग धुक्यातून एक ओलं, खरखरीत नाक आलं आणि तिच्या तळहातावर टेकलं. बोयारनं मीठ चाटलं, मिरची लागून शिंकला, आणि पुन्हा चाटलं. नेवेनानं दुसऱ्या हातानं त्याच्या गळ्याखाली चाचपून घंटेतला बोळा उपसला. तिनं घंटा हातात धरून हलवली.

तो जाड, घुमणारा सूर धुक्यात पसरला आणि चारी बाजूंनी गवत सळसळलं. मेंढ्या येत होत्या. तिच्या कमरेला, पाठीला, कोपराला ओली लोकर घासू लागली. ती बोयारच्या गळ्यात हात टाकून वळली आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागली. "पुढचा थांबा, चित्रपटगृह! पुढचा थांबा, धरणाचा चौक!" आवाज मोठा होत गेला. मिठाच्या दगडांशी आल्यावर पायाखालची जमीन ओळखीची झाली.

आणि तिथे मावशीचा आवाज बंद पडला.

"मावशी?" नेवेनानं हाक मारली. ती बोयारला सोडून दोन ढांगांत खडकाशी पोचली. धुकं विरत होतं. सेव्दामावशी तिथेच बसली होती, पुतळ्यासारखी. तिनं मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं आणि श्वासानंच म्हणाली, "शेवटचा थांबा."

पलीकडच्या मिठाच्या दगडावर रानबकरी उभी होती. तपकिरी अंग, पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यांतून ओघळलेली काळी पट्टी, टोकाशी मागे वळलेली शिंगं. तिच्या पोटाखाली पिल्लू. मागे आणखी दोन छाया. मेंढ्यांच्या मधून ती पुढे आली, दगड चाटला, आणि मान वर करून सेव्दामावशीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ओलं, चमकणारं, जिवंत. सेव्दामावशीच्याही.

बोयारनं मान झटकली. घंटा घुमली. रानबकरीनं कानसुद्धा हलवला नाही.

मग उतारावरून कुणी धडपडत येऊ लागलं आणि रानबकऱ्या तीन उड्यांत कड्यावर दिसेनाशा झाल्या. धुक्यातून कुझमान म्हातारा वर आला. टोपी हातात, केस विस्कटलेले, चेहरा रडून लाल. दुसऱ्या हातात तुळशीच्या काड्या आणि कोटाच्या खिशात राकिया दारूची बाटली.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं त्रेंदाफिल आजोबा आले, कोपरापर्यंत दुधानं माखलेले, आणि पाठोपाठ मुर्जो. धुक्यात घंटा ऐकू येईना म्हणून दूध चुलीवर तसंच टाकून ते धावत सुटले होते.

कुझमान त्यांच्यासमोर येऊन थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू... तू जिवंत आहेस?"

"तुझी हरकत आहे?" आजोबा धापा टाकत म्हणाले.

"गाढवा! तुझ्या घंटा मुक्या झाल्या! मला वाटलं, गेलास! माझ्या तोंडाबद्दल शेवटचा टोमणा तू मारलास आणि तसाच गेलास! मी सगळी घळ रडत ओलांडली!"

 आजोबांनी नेवेनाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग तिचा खांदा धरला, जरा जास्तच घट्ट.  नेवेनाला आता आठवलं, असे बोळे तिनं आधी कधी वळले होते, कुणासाठी वळले होते, आणि तेव्हाही या हातानं तिचा खांदा असाच धरला होता.

कुझमाननं तुळशीच्या काड्या गुपचूप खिशात घातल्या. "पण रानबकऱ्या होत्या इथे! मी पाहिल्या."

"असणारच," आजोबा म्हणाले. "त्यांच्या जन्मापासून ही घंटा म्हणजे मीठ आलं. घंटा मुकी म्हणजे लांडगा आला. दुकान बंद करून गिऱ्हाइकाची वाट कोण बघेल?" मग त्यांनी बोयारकडे पाहिलं, आणि त्याच्यामागच्या मेंढ्यांकडे. त्या हलत होत्या, पण त्यांच्या घंटा वाजत नव्हत्या. आजोबांचा आवाज खाली आला. "यांत गवत कुणी घातलं?"

 मुर्जोनं आजोबांचं कोपर चाटलं.

"माझ्यामुळे झालं," सेव्दामावशी खडकाला धरून उठत म्हणाली. "मीच म्हटलं होतं, की या आवाजानं—"

नेवेनानं तिच्या हाताला हात लावून तिला थांबवलं. मग आपली मूठ उघडली. बोयारच्या घंटेतला बोळा अजून तिच्याजवळच होता, मिठानं लाल झालेला. तिनं तो आजोबांच्या दुधाळ तळहातावर ठेवला. ती वळली, जवळच्या मेंढीपाशी गुडघ्यांवर बसली, तिच्या घंटेतलं गवत उपसलं आणि तेही आणून त्याच हातावर ठेवलं. मेंढीची घंटा वाजली. मग ती पुढच्या मेंढीकडे गेली. मग तिच्या पुढच्या. एकेक घंटा बोलू लागली आणि आजोबांचा हात गवतानं भरत गेला.

"ती मधली जरा भसाडी आहे," कुझमान नाक पुसत म्हणाला.

नेवेनानं मान वर केली नाही. ती पुढच्या मेंढीपाशी गुडघे टेकून बसली होती.